चिपी ते मोपा : पंचेचाळीस किलोमीटर आणि चार दिवस

चिपी आणि मोपा या दोन विमानतळांमध्ये अंतर किती आणि ते कापायला वेळ किती लागतो, हा प्रश्न मला तिकिटे काढताना पहिल्यांदा पडला. नकाशावर पट्टी ठेवली, तर सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले तालुक्यातील चिपीच्या धावपट्टीपासून गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपाच्या धावपट्टीपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर भरतात. कोकणात येणाऱ्या लहान एटीआर विमानाला एवढे अंतर सरळ उडून जायला पाच-सहा मिनिटे पुरावीत. गाडीने कुडाळ, सावंतवाडी आणि बांदा अशी महामार्गाची वाट धरली, तर हेच अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होते आणि दोन तासांच्या आत-बाहेर माणूस पोहोचतो. तिसरी वाट किनाऱ्याची आहे. ती नव्वदच्या घरात जाते आणि तिला किती वेळ लागेल, हे किलोमीटरवरून सांगता येत नाही, कारण ते खाड्यांवर आणि खाडीतल्या पाण्यावर ठरते. आम्ही या तिसऱ्या वाटेने गेलो.

'आम्ही' म्हणजे मी आणि माझी बहात्तर वर्षांची आत्या. तिचे बालपण शिरोड्यात गेले, लग्नानंतर ती पुण्यात आली आणि गेल्या पंधरा वर्षांत तिचे तिकडे जाणे झाले नव्हते. पुण्याहून शनिवारी सकाळी चिपीला उतरायचे असे ठरले, पण परतायच्या मंगळवारी तिथून पुण्याचे विमान नव्हते, म्हणून परतीचे तिकीट मोपाहून काढले. दोन विमानतळांमध्ये चार दिवस हातात आले आणि आत्याने लगेच सांगून टाकले की, महामार्गाने गेलो तर मी येणार नाही.

पहिला दिवस : शनिवार, १४ डिसेंबर २०२४. चिपी, परुळे, निवती

चिपीचा विमानतळ सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार, ज्यावर पावसाळ्यात फुलांचा गालिचा असतो आणि डिसेंबरात गुडघाभर उंचीचे वाळलेले सोनेरी गवत. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले. अडीच किलोमीटरच्या धावपट्टीवर विमान टेकले, तेव्हा खिडकीतून दोन्ही बाजूंना ते गवतच दिसत होते, आणि दार उघडल्यावर जो वारा आत आला त्याला खारा वास होता. पुण्याहून निघून जेमतेम तास झाला होता. विमानतळ छोटा असल्यामुळे सामान हातात येऊन बाहेर पडायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

अडचण त्यानंतर आली. आमच्यासाठी ठरवलेली रिक्षा आलीच नाही, आणि चालकाचा फोन लागत नव्हता. सोबत उतरलेली बहुतेक मंडळी आपापल्या गाड्यांतून निघून गेली आणि तिथे दोघी, दोन पिशव्या आणि वारा एवढेच राहिले. अर्ध्या तासाने आमच्याच विमानातून आलेला एक तरुण, ज्याचे वडील त्याला न्यायला टेम्पो घेऊन उशिरा पोहोचले होते, आपणहून जवळ आला आणि परुळ्यापर्यंत सोडतो म्हणाला. तो म्हापणचा, पुण्यात नोकरीला. आधी शनिवार-रविवारची रजा मिळाली तरी रात्रभर बसमध्ये अवघडून यायचे आणि दुसऱ्या रात्री तसेच परत जायचे, म्हणून तो वर्षातून दोनदाच येत असे. आता आईच्या औषधपाण्यासाठी महिन्याला येतो, असे त्याने सांगितले. टेम्पो चालवणाऱ्या त्याच्या वडिलांनी आरशातून मागे पाहत विचारले, "तुमी खंयचे?" आत्या म्हणाली, "शिरोड्याची." पन्नास वर्षे पुण्यात राहिलेली ही बाई विमानतळाच्या फाटकाबाहेर पडल्या पडल्या मालवणीत शिरली आणि मंगळवारपर्यंत तिच्यातून बाहेर आली नाही.

चिपीला उतरणाऱ्यांनी एवढे अवश्य करावे : वाहन आदल्या दिवशी ठरवावे आणि त्याच्याशी सकाळी पुन्हा एकदा बोलून घ्यावे. विमानांची संख्या मोजकी असल्यामुळे दारात रिक्षांची रांग उभी असेल, अशी अपेक्षा ठेवू नये. रोख पैसे आधीच काढून ठेवावेत.

परुळ्यात आदिनारायणाचे दर्शन घेतले. सूर्याची मंदिरे आपल्याकडे कमी आहेत आणि हे त्यांतले एक. दुपारच्या वेळी तिथे पुजाऱ्यांखेरीज कोणी नव्हते. कौलारू सभामंडपाखालची लादी इतकी थंड होती की आत्या दहा मिनिटे नुसती बसून राहिली. तिथून रिक्षाने निवतीला गेलो.

ज्या घरी उतरलो तिथल्या काकींनी दारातच सांगितले की आज दत्तजयंती, आज मासळी मिळणार नाही. त्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही, कारण पानावर काळ्या वाटाण्याचे सांबार, गरम आंबोळ्या आणि शेवटी शिरवाळे होते. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, लाकडी साच्यातून दाबून काढलेल्या, आणि त्यांच्यावर गूळ-वेलची घातलेला नारळाचा दाट रस. ते ताटलीत वाढेपर्यंत गरम राहिले पाहिजेत, म्हणून एकीने साचा दाबायचा आणि दुसरीने खाली ताटली फिरवायची, अशी दोघींची कामाची जोडी लागते. त्या दिवशी साचा काकींनी धरला आणि ताटली आत्याने.

संध्याकाळी निवतीच्या किल्ल्यावर चढलो. चढ फार नाही, तरी वाटेत सुटे दगड आहेत आणि वयस्क माणसाला हात द्यावा लागतो. वर तटबंदीचे अवशेष उरले आहेत, पण माणसे येतात ती समोरच्या देखाव्यासाठी : उत्तरेला भोगव्याचा लांबलचक पांढरा किनारा, त्याच्या टोकाशी कर्ली नदीचे मुख आणि पलीकडे देवबागची चिंचोळी जमीन. समुद्रात दूरवर वेंगुर्ला रॉक्स ही खडकाळ बेटे दिसतात. त्यांच्या गुहांमध्ये पाकोळ्या घरटी करतात आणि त्यांतल्या एका बेटावर दीपगृह आहे. सूर्य बुडाल्यावर त्या दीपगृहाचा प्रकाश दिसू लागला. आत्याने बोट करून दाखवले, की शिरोड्याहून बोटीने जाताना त्या दिव्यावरून मोठी माणसे अंतराचा अंदाज सांगत असत. खाली वाडीत दत्तजन्माचे भजन सुरू झाले होते आणि पखवाजाचा आवाज किल्ल्यापर्यंत येत होता.

पहिल्या दिवशी विमानतळापासून आम्ही फार तर वीस किलोमीटर गेलो असू, आणि त्यातलेही काही उलट्या दिशेने.

दुसरा दिवस : रविवार, मार्गशीर्ष पौर्णिमा. निवती ते वेंगुर्ले

सकाळी सहा वाजता काकींच्या मुलाने दार वाजवले : रापण ओढायला माणसे कमी आहेत, यायचे असेल तर या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे. होडी जाळे घेऊन समुद्रात जाते, अर्धवर्तुळ काढत ते टाकते आणि परत किनाऱ्याला लागते. मग जाळ्याच्या दोन टोकांचे दोर धरून दोन रांगा वाळूत पाय रोवून मागे मागे ओढत जातात. शेवटचा माणूस वरच्या बाजूला पोहोचला की दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ पुढे जाऊन धरतो. मला सर्वांत आश्चर्य वाटले ते शांततेचे. ओरडाआरडा नव्हता; एका म्हाताऱ्या तांडेलाचा हात वर होई, तेवढ्यावर दोन्ही रांगांचा वेग बदलत असे, आणि दोन टोके हळूहळू एकमेकांकडे सरकत. माझ्या तळहातांची आग व्हायला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. पाऊण-एक तासाने जाळ्याची खोळ उथळ पाण्यात आली आणि पाणी एकदम खवळल्यासारखे झाले : बांगडे, थोडे पेडवे, चार-दोन खेकडे, एक मोठी वाकटी जी चांदीच्या पट्टीसारखी वळवळत होती. मासळीचे वाटे पडले. आम्ही बाजूला होऊन चाललो होतो, तेवढ्यात तांडेलाने पाच बांगडे माडाच्या झावळीच्या तुकड्यावर ठेवून आत्याच्या हातात दिले. "ह्यो तुमचो वाटो." आत्याने नको म्हटले नाही. दोर धरला की वाटा घ्यायचा, नाही म्हटले तर तो अपमान होतो, हे तिने मला नंतर समजावले.

ते बांगडे तिरफळे घालून तिखल्यात गेले. तिरफळाची चव जिभेला मुंग्या आणते आणि ज्यांनी ती आधी घेतलेली नाही त्यांना प्रथम जरा घाबरायला होते. तिरफळ चावायचे नसते, बाजूला काढायचे असते. दुपारची एसटी धरून आम्ही म्हापणमार्गे वेंगुर्ल्याला निघालो. वाटेत केळूसची खाडी पुलावरून ओलांडली. खिडकीशी बसलेली आत्या म्हणाली, "तेव्हा पूल खंय होते? तर होती." तर म्हणजे माणसे पलीकडे नेणारी होडी. तिच्या वडिलांना या भागात कामासाठी फिरावे लागे, आणि त्या काळी कोणी अंतर विचारले तर उत्तर मैलांत न देता 'दोन तरी आणि एक सडा' असे दिले जाई, असे ती सांगत होती. मला ते अतिशय नेमके वाटले. मैल सर्वांना सारखेच असतात, पण तरीवर होडी पलीकडच्या काठाला असेल तर थांबावे लागते, आणि खरा वेळ त्यातच जातो.

वेंगुर्ले हे एके काळी मोठे बंदर होते. १७व्या शतकात डचांनी इथे वखार उभारली, तिचे भग्न अवशेष झाडीत उभे आहेत. पुढे इंग्रजांच्या काळात बेळगावहून आंबोली घाट उतरून येणारा रस्ता इथेच समुद्राला मिळत असे. गावात अजूनही क्रॉफर्ड मार्केट या नावाची जुनी बाजाराची इमारत आहे आणि तिच्या आसपास काजूगर, कोकम, खाजे आणि सुकी मासळी यांची दुकाने आहेत. काजूबद्दल एक सांगितले पाहिजे. इथल्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या ज्या जाती तयार केल्या, त्यांना गावाचेच नाव आहे. 'वेंगुर्ला ४' आणि 'वेंगुर्ला ७' ही नावे कोकणातल्या कोणत्याही बागायतदाराच्या तोंडी असतात. घरी न्यायचे काजू घेताना 'सात नंबरचे आहेत का' असे विचारले, तेव्हा दुकानदाराचा बोलण्याचा सूरच बदलला आणि त्याने आतून दुसरी पिशवी काढली. सात नंबरचा गर ठळक मोठा असतो.

बंदरावर संध्याकाळी बसलो. आत्याला आपला पहिला मुंबईचा प्रवास आठवत होता, तो याच धक्क्यावरून झालेला. मोठी बोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसे आणि बोचकी पडावातून तिच्यापर्यंत न्यायची, आणि लाटेवर पडाव वर आला की त्या क्षणी बोटीवरचा खलाशी हात धरून ओढून घ्यायचा. "तो क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट बघायची," ती म्हणाली. समोर पौर्णिमेचा चंद्र उगवत होता आणि पाणी धक्क्याच्या पायऱ्यांपासून बरेच खाली गेलेले होते.

रात्री एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. खानावळीच्या मालकांनी सांगितले की जवळच्या एका गावात जत्रा आहे आणि दशावतारी नाटक आहे. त्रिपुरी पौर्णिमेनंतर दक्षिण कोकणात देवळादेवळांच्या जत्रा सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर दशावतार. आम्ही अकराच्या सुमारास पोहोचलो, नाटक सुरू झाले ते बारा वाजून गेल्यावर. देवळासमोर मांडव, एक लाकडी बाक, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. नेपथ्य म्हणून एवढेच. संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरलेले असते आणि दोन नट समोरासमोर आले की वादविवाद तिथेच रचला जातो. राणीचे काम करणाऱ्या पुरुषाने साडीचा पदर सावरत राजाला जे प्रश्न विचारले, त्यांना मागे बसलेल्या बायका मोठ्याने दाद देत होत्या. माझ्या शेजारच्या आजींच्या मांडीवर नातू झोपला होता आणि त्या त्याला थोपटत थोपटत राक्षस रंगमंचावर येण्याच्या वेळी बरोबर उठवत होत्या. पहाटे तीनला आम्ही निघालो. खाजे विकणाऱ्याने आमचे उरलेले सुटे पैसे न घेता वर एक पुडी दिली.

जत्रांची माहिती आगाऊ मिळवायची असेल तर देवस्थानांच्या तिथ्या पाहाव्यात. पण खात्रीचा मार्ग म्हणजे खानावळीत किंवा रिक्षावाल्याला विचारणे. सोबत शाल असू द्यावी, कारण मध्यरात्रीनंतर दव पडते.

तिसरा दिवस : सोमवार. मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी

उशिरा उठलो आणि रिक्षा ठरवली, कारण आज थांबे बरेच होते. वेंगुर्ल्याहून शिरोड्याचा रस्ता वीसेक किलोमीटरचा. वळणे, उतार, माडांच्या बागा आणि मध्येच अचानक उघडणारा समुद्र. मोचेमाडला उतारावरच्या वळणावरून खाडी समुद्राला मिळताना दिसते : हिरवे पाणी, वाळूचा दांडा आणि त्याच्या पलीकडे निळे पाणी. रिक्षाचालक भाऊंनी न सांगता गाडी थांबवली.

आरवलीचा वेतोबा हे आत्याचे या प्रवासातले खरे कारण होते, हे मला तिथे गेल्यावर कळले. वेतोबा उभा आहे, माणसाच्या रूपात, माणसाहून उंच. तो रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो अशी श्रद्धा असल्यामुळे त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. मूर्तीपुढे ठेवलेल्या त्या वहाणा मी जवळून पाहिल्या : माझ्या पायाच्या दुपटीहून मोठ्या, जाड तळाच्या, अंगठ्याच्या जागी घट्ट शिवण. जुन्या जोडांचे तळ झिजलेले असतात असे भाविक सांगतात. केळीचे घड घेऊन माणसे येत होती, कारण नवस केळ्यांचा असतो. आत्याने एक लहान घड वाहिला, गाऱ्हाणे घालणाऱ्यांना आपले नाव सांगितले आणि त्यांनी ते तिच्या माहेरच्या कुळासकट मोठ्याने देवापुढे उच्चारले. ते नाव त्या देवळात कितीतरी वर्षांनी घेतले जात होते. ती काही बोलली नाही, पण बाहेर आल्यावर बराच वेळ तिने चपला घातल्या नाहीत.

शिरोड्यात तिचे घर आता दुसऱ्यांचे आहे, आणि त्या माणसांनी आम्हाला आत बोलावून चहा दिला. त्यापेक्षा जास्त वेळ आम्ही मिठागरावर घालवला. मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून सत्याग्रही आले आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या. डिसेंबरात मीठ दिसत नाही. पावसाने ढासळलेले बांध घालणे आणि कप्प्यांची जमीन सारखी करून चोपणे ही कामे तेव्हा चालू असतात. बांधावर चिखल लावणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी सगळे नीट समजावले. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते तेव्हा खाडीचे पाणी सर्वांत वर चढते, त्या वेळी फळ्या काढून ते आत घ्यायचे, मग एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात फिरवत उन्हात आटवत न्यायचे, आणि शेवटच्या कप्प्यात मीठ धरते. आदल्या दिवशी पौर्णिमा होती, म्हणून बाहेरच्या कप्प्यात नवे पाणी आलेले दिसत होते आणि त्यात बगळे उभे होते.

मी त्यांना सहज विचारले की उद्या सकाळी तेरेखोलची फेरी किती वाजता मिळेल. त्यांनी उलट विचारले, उद्या तिथी कोणती? द्वितीया, आत्या म्हणाली. "मग दीड वाजता भरती. सकाळी जावन काय करतलास?" कोकणात हा हिशेब सर्वांना येतो : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वा अकरा. भरतीनंतर सहा-साडेसहा तासांनी ओहोटी. या गणिताने मिनिटांची अचूकता मिळत नाही, पण खाडी ओलांडायची असेल तर त्याची बरोबरी दुसरे काही करत नाही, असे मला आता वाटते.

रेडीला संध्याकाळी गेलो. खाणीच्या परिसरात १९७६ साली सापडलेली दोन हातांची गणपतीची मूर्ती आणि झाडांच्या मुळांनी वेढलेला यशवंतगड ही तिथली दोन ठिकाणे. गडावर अंधार लवकर पडतो, त्यामुळे चारपर्यंत पोहोचावे आणि पायात बूट असावेत. मुक्काम शिरोड्यात. रात्री जेवणात सुरमई, लाल भाजी आणि सोलकढी.

चौथा दिवस : मंगळवार. तेरेखोल, केरी, पेडणे, मोपा

विमान दुपारी होते आणि मला धीर नव्हता, त्यामुळे मिठागरावरच्या गृहस्थांचे न ऐकता आम्ही सकाळी आठ वाजता तेरेखोलला पोहोचलो. तेरेखोलची जागा नकाशावर पाहण्यासारखी आहे. नदी ही सीमा असावी असे वाटते, पण किल्ला आणि त्याखालचे गाव नदीच्या उत्तरेला असूनही गोव्यात आहे. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, तेव्हापासूनचा हा तुकडा. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीसाठी आलेल्या सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. गोवा मुक्त झाला, तेव्हा आत्या नऊ वर्षांची होती, आणि त्याआधी पलीकडच्या किनाऱ्यावर बोट दाखवून 'तो दुसरा देश' असे शाळेत सांगत, हे तिला स्पष्ट आठवते. किल्ल्याच्या आत संत अंतोनीचे छोटे चॅपेल आहे.

धक्क्यावर आलो तर फेरीबोट नुसती उभी होती आणि तिच्यापुढे पाण्याऐवजी ओली वाळू होती. उधाणाच्या दिवसांत भरती जेवढी वर चढते, तेवढीच ओहोटीही खाली जाते. धक्क्याचा शेवाळलेला उतार जिथे संपतो त्याच्याही पुढे दोन-तीन पुरुष लांबीवर पाणी होते. बोटीवरच्या माणसाने हात हलवला. "पाणी भरल्याशिवाय फेरी सुटाची नाय." पलीकडचे केरी इतके जवळ होते की तिथे सायकल टेकवून उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाचा रंग दिसत होता. एका मोटारसायकलवाल्याने आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून फिरून जा असे सुचवले, आणि खरोखर घाई असेल तर तोच मार्ग आहे. पण आमच्याकडे गाडी नव्हती आणि वेळ होता.

सव्वादोन तास थांबलो. त्या वेळात आमच्यासोबत केरीला माशांची टोपली घेऊन निघालेल्या दोन बहिणी होत्या, एक शाळामास्तर होते आणि लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालेला एक तरुण होता. बहिणींपैकी थोरलीने टोपलीवरचे ओले फडके दोनदा बदलले आणि त्या प्रत्येक वेळी पाण्याकडे एक नजर टाकून धाकटीला काहीतरी सांगितले. मी लक्ष देऊन पाहू लागले तेव्हा कळले की ती धक्क्याच्या उतारावरची एक भेग धरून बसली आहे. पाणी त्या भेगेला लागले की बोट हलते. साडेनऊला पाणी भेगेपासून हातभर दूर होते, दहाला वीतभर. सव्वादहा वाजता एक छोटी लाट त्या भेगेवरून गेली आणि थोरली उठून उभी राहिली. त्यानंतर बोटीचे यंत्र सुरू झाले.

पायी प्रवाशांकडून पैसे घेतले नाहीत. नदी ओलांडायला जेमतेम दहा मिनिटे लागली. आत्या कठड्याला धरून उभी होती आणि तिने मध्यावर एकदा मागे वळून पाहिले, एकदा पुढे.

केरीहून पेडण्याला रिक्षा मिळाली. पेडण्यात भगवतीचे देऊळ आणि त्यासमोरचे दोन मोठे दगडी हत्ती पाहून, उसळ-पाव खाऊन आम्ही मोपाला निघालो. गोव्यातला उसळ-पाव हा सकाळचा पदार्थ असला तरी साडेअकरालाही गरम मिळाला.

इथे एक सूचना महत्त्वाची आहे. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, आणि तिकिटावर नुसते 'गोवा' वाचून निघालेली माणसे चुकीच्या ठिकाणी पोहोचतात. मोपाचा संकेत जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. दोहोंमध्ये रस्त्याने साठ किलोमीटरहून अधिक अंतर आहे, त्यामुळे चूक लक्षात आल्यावर विमान मिळण्याची शक्यता फारशी उरत नाही. टॅक्सी ठरवतानाही 'विमानतळ' न म्हणता मोपा किंवा दाबोळी असे नाव घ्यावे.

मोपाच्या पठारावर चढताना पुन्हा तेच सोनेरी गवत दिसले. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी चालू झाला. इथले रुंद रस्ते, उंच छत आणि रांगा पाहिल्यावर चिपीच्या त्या दहा मिनिटांत संपणाऱ्या इमारतीची आठवण होते. आम्ही पावणेएकला दारात होतो. शिरोड्याहून निघाल्यापासून पाच तास झाले होते, आणि त्यातले सव्वादोन तास एका भेगेला पाणी लागेपर्यंतचे होते.

आत्याला खिडकीची जागा मिळाली. विमान उठून उत्तरेला वळल्यावर डाव्या बाजूला तेरेखोलचे मुख दिसले, आता काठोकाठ भरलेले, आणि त्याच्या मध्यावर एक पांढरा ठिपका. मग शिरोड्याची मिठागरे, चौकोनी आरशांसारखी चमकणारी. आत्याने काचेला कपाळ टेकवून विचारले, "वेतोबाचा देऊळ खंय इला?" मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिले. माडांच्या हिरव्या पट्ट्यात एकही कौल वेगळे ओळखू येत नव्हते, आणि मी बोट दाखवीपर्यंत विमान सह्याद्रीकडे वळले होते.